पहाऱ्यावरचा वानर

एका जंगलात, ऐनाच्या उंच झाडावर, एक वानर एकटाच राहत असे. वानरांची टोळी होती, पण ती समोरच्या वडावर. हा दुसऱ्या रानातून भटकत आलेला. टोळीतल्या म्हाताऱ्या वानरिणीने त्याला आल्या दिवशीच बजावले होते, "पहारा नीट केलास, तर टोळीत घ्यायचं पाहू." तेव्हापासून तो शेंड्यावर बसून असे. बिबट्या दिसला की हा ओरडे, सगळी वानरे झाडावर चढत आणि मग याला विसरून जात. संध्याकाळी वडावर ती एकमेकांच्या उवा काढत दाटीवाटीने बसत. हा दुरून ते बघे आणि आपलीच शेपटी विंचरत राही.

मुलांनो, त्याची एक चूक होत होती. पावसाळ्यात कोवळा पाला खाल्ला की वानरांना वेगळे पाणी फारसे लागत नाही. उन्हाळा आला, पाला झडला, उरलेला पापडासारखा वाजू लागला, तरी याची सवय तीच राहिली. टोळी डोहावर पाण्याला उतरे तेव्हाच बिबट्याची भीती जास्त, म्हणून हा वरच थांबे. टोळी परतल्यावरही तो उतरत नसे. आपण खाली गेलो आणि काहीच बिघडले नाही, तर आपली गरजच नाही असे सगळ्यांना वाटेल, ही धास्ती त्याला होती. "तहान काय, मारता येते," असे तो मनाशी म्हणे. हळूहळू त्याचे ओठ फुटले, डोके जड झाले, पायांत गोळे येऊ लागले. एके दिवशी वाळक्या गवताचा झुबकाच त्याला बिबट्या वाटला आणि त्याने ओरडून सगळ्यांना पाण्यावरून पळवले.

"अगं बाई, यांच्या पहारेकऱ्याला गवताला शेपूट दिसतं!" एक हरिणी हसली. म्हातारी मात्र चिडली. "डोळे उघडे ठेवून झोपतोस काय रे? पुन्हा असं झालं, तर या रानात तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी खराच बिबट्या आला. वानराने डोळे चोळून पुन्हा पाहिले. काठावर टोळीतले एक पिल्लू पाणी पीत होते आणि बिबट्या सरपटत त्याच्याकडेच निघाला होता. वानराने ओरडायला तोंड उघडले, पण घसा इतका सुकला होता की आवाजच फुटेना. उडी मारावी तर पाय वळलेले. शेवटी एका वाळलेल्या फांदीवर त्याने सगळे अंग टाकले. फांदी कडाडून मोडली आणि तिच्यासकट तो खाली आदळला. त्या आवाजाने बिबट्या दचकून थबकला, तेवढ्यात टोळी पिल्लाला घेऊन झाडावर पोचली. वरून सगळ्या वानरांनी एकच कलकलाट केला, तसा शिकार हुकलेला बिबट्या झाडीत निघून गेला.

म्हातारी खाली उतरली. "जिवंत आहेस ना रे? आणि हाक का नाही मारलीस?" त्याने नुसता गळ्याला हात लावला. तिने त्याचे फुटलेले ओठ पाहिले. "पाणी कधी प्यायलास?" त्याला आठवेना. तिने त्याला हाताला धरून डोहावर नेले. "सावकाश. एकदम ढोसू नकोस."

घोट घोट करत तो प्याला, तेव्हा कुठे त्याचा आवाज फुटला. "उतर, पाणी पिऊन ये, असं कुणी म्हणालंच नाही," तो हळूच म्हणाला.

म्हातारीने त्याची मान पुन्हा पाण्याकडे वळवली. जरा वेळाने त्याने मान वर करून पाहिले, तर ती त्याच्याकडे पाठ करून, झाडीवर नजर लावून बसली होती. तो पीत होता तोवर पहारा ती करत होती.

"थांबलास का? पी अजून," ती मागे न बघताच म्हणाली.

तात्पर्य : तहान मारून कुणाच्याच उपयोगी पडता येत नाही, म्हणून शरीराला वेळच्या वेळी पाणी द्यावे, आणि जो आपल्यासाठी एकटा राबतो, त्याला "पाणी प्यायलास का?" एवढे तरी विचारावे.