टिकलीचं निळं फूल

एक डोंगर. त्याचं डोकं चपटं, थापल्या भाकरीसारखं. भाकरीवर मोठ्ठं कुरण. कुरणात एक माशी राहायची. केवढी? कपाळावरच्या टिकलीएवढी! म्हणून नाव टिकली. मध करायची, पण चावायची नाही. तिला नांगीच नव्हती. हात कशाला लपवतोस रे? खरंच नाही चावत!

एकदा टिकली खाऊ आणायला निघाली. गुंई गुंई, गुंई गुंई. बघते तर काय? निळं फूल गायब! दर साली असायचं. यंदा कुठंच नाही. घरी धाकटी भावंडं रडायला लागली, "टिकलीताई, भूक!"

टिकली मातीला टेकली.
"फुला फुला, उगव ना! पोट भरेना!"
फूल मातीतून म्हणालं, "मी नाही उगवत, जा! डोक्यावर गवत बसलंय. ऊन कुठाय?"

गुंई गुंई, गुंई गुंई. टिकली गेली गवताकडं.
"गवता गवता, सर ना! फूल उगवेना, पोट भरेना!"
सळसळ सळसळ. गवत नुसतं डुललं. "मी नाही सरत, जा! म्हस खाईल, तर सरेन."

गुंई गुंई, गुंई गुंई. टिकली गेली चांदी म्हशीकडं.
"म्हशी म्हशी, चर ना! गवत सरेना, फूल उगवेना, पोट भरेना!"
"ऑंऽऽय! मी नाही चरत, जा! मधे तार हाय. नाकाला टोचती."

गुंई गुंई, गुंई गुंई. टिकली गेली कुंपणाच्या तारेकडं.
"तारे तारे, सूट ना! म्हस चरेना, गवत सरेना, फूल उगवेना, पोट भरेना!"
टंण्ण! "मी नाही सुटत, जा! ताईनं बांधलं, ताईच सोडंल."

ही ताई म्हणजे शलाकाताई. गळ्यात भिंग. जमिनीवर दोरीचा चौकोन मांडायची, न् पालथी पडून फुलं बघायची. फुलांवर भारी माया! म्हशी तुडवतील म्हणून कुंपण तिनंच घातलं.
गुंई गुंई, गुंई गुंई.
"ताई ताई, सोड ना! तार सुटेना, म्हस चरेना, गवत सरेना, फूल उगवेना, पोट भरेना!"
"मी नाही सोडत, जा! म्हशी कुरणात कधी घ्यायच्या, कधी काढायच्या, ते बमूआजांना ठाऊक. ते सांगतील, तर सोडेन."
"मग विचार की!"
"लाज वाटते गं. मीच त्यांना बाहेर काढलं ना!"

बमूआजा म्हशीवाला. कुंपणापल्याड धोंड्यावर बसलेला. गाल फुगवून!
गुंई गुंई, गुंई गुंई.
"आजा आजा, सांग ना! ताई सोडेना, तार सुटेना, म्हस चरेना, गवत सरेना, फूल उगवेना, पोट भरेना!"
"मी न्हाई सांगत, जा! तार बांधताना मला इचारलं का? आता तिनं इचारावं, तर सांगीन."

झालं! ताई विचारेना, आजा सांगेना. तिचं तोंड तिकडं, ह्याचं तोंड इकडं. एवढी मोठ्ठी माणसं, न् रुसली बघा कशी!

टिकली म्हणाली, "असं काय? बघतेच!"
गुंई गुंई, गुंई गुंई... गेली थेट आजाच्या नाकात!
आऽऽआऽऽक्छी!
पागोटं उडालं. तारेवरून गेलं. ताईच्या डोक्यावर, धप्प!
पागोट्यात ताई दिसेना. आजा खो खो हसला. ताई पागोट्यातून हसली.
"आजोबा, चुकलं माझं. फुलं का रुसली हो?"
"रुसली न्हाईत गं पोरी. गवताखाली दडपलीत. गवत कवळं तवा म्हशी चारायच्या. हिकडनं तिकडं हलवायच्या. कळी दिसली, की म्हशी डोंगराखाली!"
ताई म्हणाली, "मग अर्ध्या कुरणात म्हशी सोडू. अर्धं बंद ठेवू. दोन्हीकडं दोरीचा चौकोन मांडू, न् बघू कुठं फुलतंय!"
"मांड की! म्हशी मी आणतो."

मग?
आजानं सांगितलं. ताईनं सोडलं. टंण्ण! तार सुटली. खर्रम खर्रम, म्हस चरली. गवत सरलं. मातीवर ऊन पडलं. "बास गं चांदे, चल!" म्हशी गेल्या खाली.
पाऊस आला, पाऊस थांबला. टुप! फूल उगवलं. टुप टुप! टुप टुप टुप! म्हशी चरल्या, तिथं सगळं निळं निळं. बंद कुरणात? नुसती सळसळ!
ताईनं उरलेली तारही गुंडाळली. "आजोबा, पुढच्या साली कुठून चारायचं?"
"आधी माझं पागोटं दे की!"

न् टिकली? ती घरी गेली. भावंडांचं पोट भरलं. टम्म!
आता कुठाय टिकली?
हलू नकोस हं...
तुझ्या नाकावर!
आऽऽआऽऽक्छी!