धाकूची बोय

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करी. पंचाईत तेवढीच होती.

त्याचं लग्न जमत नव्हतं. शेवटी पलीकडच्या गावचे जानू मयेकर म्हणाले, "मुलगी देतो. पण रविवारी जेवायला येईन, तेव्हा जावयाने काठावर बसून, स्वतः गळाने धरलेली बोय मासळी पानात पाहिजे. जाळ्यातली चालणार नाही."

गावातल्या शहाण्यांनी सल्ले पुष्कळ दिले. गळ कुणी दिला नाही. तो आईनेच कुठून तरी पैदा केला. सोबत काठी आणि कणकेचा मोठा गोळा दिला.

"धाकू, ही सोयरीक मोडली तर दुसरी येणार नाही हो! जा, ही कणीक बोयीला घाल."

संध्याकाळी धाकू हात हलवत आला.

"कणीक घातलीस?"

"घातली."

"मग?"

"खाल्ली तिने. सगळा गोळा संपवला."

"अरे माझ्या कर्मा! गळाला लावून घालायची! आणि दगडाआड गप्प बसायचं. बोय भित्री. सावली हलली तरी पळते."

"बरं. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी तो नवी कणीक घेऊन गेला आणि गळ टाकून दगडाआड बसला. मागून एक शेळी आली. तिने उरलेली कणीक खाल्ली, धाकूची भाकरी खाल्ली, मग टोपी खाल्ली. धाकूने श्वाससुद्धा जपून घेतला. शेळी बिचारी घाबरून पळाली असती!

"अरे, तिथे ओरडायचं!" आई म्हणाली. "काठी आपटून हाकलायचं!"

"बरं. आता तसंच करीन."

पुढच्या दिवशी बोयींचा अख्खा थवाच कणकेवर आला. धाकू उठला. "हैक्! हैक्!" करत त्याने पाण्यावर काठ्या हाणल्या. थवा थेट पलीकडच्या काठाला गेला. तिथे गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याची टोपली भरली. त्याने लांबूनच धाकूला हात जोडले.

आईने कपाळ बडवून घेतलं. "खाणाऱ्या माशाला हाकलतात का रे? त्याने घास घेतला की दोरी ढिली सोड. मग हळूहळू ओढ. बोयीचा ओठ नाजूक, हिसका दिलास की फाटतो."

"बरं. आता तसंच करीन."

शनिवारी खरोखरच बोय लागली. धाकू नाचतच घरी आला. बोय करंगळीएवढी होती.

"ही काय मयेकरांच्या दातात अडकवू?" आई म्हणाली. "लहान लागली तर पाण्यात परत सोडायची. मोठी होऊन ये म्हणायचं."

"बरं. आता तसंच करीन."

रविवार उजाडला. धाकू पहाटेपासून धक्क्यावर गळ टाकून बसला. मयेकरांची होडी आली. त्यांना घ्यायला आई आणि गावातली माणसं काठावर जमली होती. शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि ते खाडीत पडले. पाणी छातीभरच, पण मयेकर बुटके. गटांगळ्या खाऊ लागले.

धाकूचा गळ त्यांच्या कोटाच्या कॉलरीत अडकला. धाकूने आधी दोरी ढिली सोडली. मयेकर आणखी एकदा बुडाले. मग त्याने हिसका न देता, अलगद, हळूहळू त्यांना पायरीवर ओढून घेतलं. काठावर टाळ्या पडल्या. आईचे डोळे भरून आले.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" मयेकर धापा टाकत म्हणाले. "बोय राहू दे! मुलगी तुलाच दिली!"

धाकूने त्यांना उभं केलं. वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मयेकर त्याच्या खांद्यालाही लागत नव्हते.

त्याने हळूच कॉलरीतला गळ सोडवला, मयेकरांना उचललं आणि परत खाडीत सोडलं.

"मोठे होऊन या, मामा!"