बावीस घरांचं पीठ

ही गोष्ट सांगून झाल्यावर, ती कुणाला सांगायची नाही, असं आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंनी, रिबकाबाईंनी, मला बजावलं होतं. आपल्यात शपथ घालत नाहीत, म्हणून मी मान हलवेपर्यंत त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. पण ती बोलण्याबद्दल होती. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

“...मग तुम्हाला झोप कशी लागते?” अमोस पाळकांनी विचारलं.

“आडवं झालं की लागते,” हन्नाबाई म्हणाल्या.

पाळकांना हसू आलं नाही. भर दुपारी ते हन्नाबाईंच्या दारातल्या दगडावर बसले होते. खिशात घडी घातलेला कागद होता. राजीनामा. तालुक्याच्या शाळेत त्यांना मास्तरांची जागा मिळत होती. संध्याकाळच्या एसटीने कागद पाठवला की सुटले.

हन्नाबाई चाळीस वर्षं बायबल बाई होत्या. वाड्या-वस्त्यांवर पायी जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या. आता पाय थकले, तरी मोरदऱ्याच्या चर्चची जुनी रीत चालू आहे. नवा पाळक आला की पहिलं वर्ष त्याने हन्नाबाईंबरोबर घरोघर हिंडायचं आणि शिकायचं.

अमोस पाळक सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, पहिले आले होते. चौथी शिकलेली म्हातारी आपल्याला काय शिकवणार, असं त्यांना वाटलं होतं. पण सहा महिन्यांत बाईंच्या तोंडावर त्यांना एकदाही काळजी दिसली नाही. तेच त्यांना खुपत होतं.

“डब्यात पीठ किती आहे?” त्यांनी विचारलं.

“आजचं आहे.”

“आणि उद्याचं?”

“उद्या अजून आलेला नाही.”

“बाई, उद्याची चिंता सोडा, यावर मी तीन रविवार उपदेश केला.”

“ऐकले ना मी. तिसरा जरा लांबला.”

“तो देताना मी मनात घरचं पीठ मोजत होतो.”

“म्हणूनच लांबला असेल.”

...

आमच्याकडे पाळकाचं घर मुठीवर चालतं. भाकरीचं पीठ मळायच्या आधी प्रत्येक घरची बाई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. रविवारी सगळे डबे वेदीपुढच्या टोपलीत रिकामे होतात. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, कुणाचा गहू. बावीस घरांचं पीठ एकत्र होतं आणि पाळकांच्या घरी जातं.

“यंदा लोकांच्या मुठी आखडल्यात,” पाळक म्हणाले. “त्यांचा दोष नाही. त्यांच्याच घरात कमी आहे. पण रिबका भाकरी पातळ थापायला लागली आहे. दिवाळीच्या सुमाराला आमच्या घरात तिसरं माणूस येईल. त्याला मी काय मुठीवर वाढवू? देव पुरवतो, देव पुरवतो, असं तुम्ही घरोघर सांगता. मला एकदा दाखवा. कोणत्या दाराने येतो तो?”



हन्नाबाईंनी परात पुढे ओढली. पिठाचा डबा तिच्यात पालथा केला आणि बुडावर दोनदा टिचकी मारली. जेमतेम दीड भाकरीचं पीठ पडलं.

मग त्यातलं मूठभर उचलून त्यांनी चुलीशेजारच्या डब्यात टाकलं.

पाळक उठून उभे राहिले.

“ही मूठ कुणाला?”

“पाळकाला.”

“एकट्या बायांनी मूठ काढू नये, असं मी वेदीपुढे उभं राहून सांगितलं होतं.”

“सांगितलंत.”

“मग?”

“छान सांगितलंत.”

पाळक पुन्हा खाली बसले. या वेळी दगडावर नाही, आत, जमिनीवर.

बाई पीठ मळायला लागल्या. भाकरी थापताना कडा चिरत होत्या, त्या पाण्याच्या बोटाने सांधत होत्या. पाळक बघत राहिले. अशा चिरणाऱ्या कडा ते रोज घरी बघत होते. रिबकाबाईही अशाच सांधायच्या.

ते थोडे पुढे वाकले. पीठ बाजरीसारखं करडं नव्हतं, ज्वारीसारखं पांढरं नव्हतं. मधेमधे गव्हाचा तांबूस कोंडा होता. असं पीठ अख्ख्या मोरदऱ्यात एकाच घरात असतं.

“बाई... हे पीठ आमच्या घरचं आहे.”

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

“रिबका देते?”

बाईंनी भाकरीवर पाणी फिरवलं.

“कधीपासून?”

“मला विचारू नका. कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय.”

पाळकांना आठवलं. रोज सकाळी रिबकाबाई पाणी भरायला याच बाजूने येत. आणि पदर नेहमीपेक्षा घट्ट धरलेला असे. आपल्या पातळ भाकरीतलं जे कमी होत होतं, ते कुठे जात होतं, ते आता त्यांना कळलं. राग यावा की लाज वाटावी, ते मात्र कळेना.

“म्हणजे तुमची मूठ आमच्या डब्यात,” ते सावकाश म्हणाले, “आणि आमची मूठ तुमच्या डब्यात. शेवटी दोन्ही डबे रिकामेच.”

“मग तव्यावर काय आहे?”

...

“पण यात देवाने काय दिलं, बाई? तेच पीठ इकडून तिकडे फिरतंय.”

भाकरी फुगली. बाईंनी ती उतरवली आणि मधोमध मोडली.

“ताटली एकच आहे. तो खिशातला कागद द्या.”

“तो साधा कागद नाही.”

“कोरडा आहे ना?”

पाळकांनी कागद दिला. बाईंनी घडी उलगडली. एक ओळ वाचायला लागेल तेवढा वेळ त्यांची नजर कागदावर थांबली. मग त्यांनी त्यावर अर्धी भाकरी ठेवली, वर लसणाची चटणी, चटणीवर तेलाची धार.

डोळे मिटून त्या म्हणाल्या, “बापा, आजची पोचली. आमेन.”

“आमेन,” पाळक म्हणाले.

त्यांनी घास तोंडात घातला. घरी ते हीच भाकरी घाईने गिळायचे. आज हळूहळू चावली. आधी बाजरी लागली. मग दाताखाली जाडसर काही आलं. ती भांबळांच्या घरची ज्वारी. ते अजून घरच्या जात्यावर दळतात. गव्हाची गोडी लागली, ती वरच्या आळीतल्या सलोमीकाकूंची असणार. त्या घरात गेल्या महिन्यात मयत झाली होती. त्या आठवड्यातही त्यांची मूठ आली होती.

पाळकांचा घास थोडा वेळ तोंडातच राहिला.

“पोट भरलं?” बाईंनी विचारलं.

“भरलं,” ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तेल कागदभर पसरलं होतं. खालची सही तेवढी वाचता येत होती. दुसरा कागद घरी होता, पेनही होतं. पाळकांनी थोडा वेळ सहीकडे पाहिलं. मग कागद चुरगळून चुलीत सारला. तेलामुळे तो भसकन पेटला.

“आणि उद्या, बाई?” या वेळी त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

हन्नाबाईंनी मुठीच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि हात झटकले.

“घरी जाऊन पाळकीणबाईंना सांगा, उद्यापासून मूठ तुम्ही काढणार. त्यांचा हात लहान पडतो.”

...

दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई उठून चुलीपाशी आल्या, तर पाळक आधीच पिठाच्या डब्यापुढे बसलेले, बाही कोपरापर्यंत वर, आणि त्यांच्या हातात...

आई हाक मारतेय. परात मांडून ठेवली आहे, पण आमच्या घरची मूठ अजून काढायची...