मंदोदरीची बसकण

फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, माझ्या आजीच्या आजीलाही ते मोजता आलं नसतं, तेव्हाची ही गोष्ट. लंकेचं युद्ध संपून वर्ष झालं होतं आणि आमच्या तारवण्यात पहिला दसरा आला होता.

तारवणं समुद्राला टेकलेलं गाव. सेतू बांधायला इथले तरणे गडी दगड वाहत गेले, ते तसेच पुढे युद्धात उतरले, असं म्हणतात. गेले त्यातले थोडेच परत आले. पण विजय तो विजय. गावकर म्हणजे गावचा प्रमुख. त्यानं सांगून टाकलं, की देवाच्या बाजूनं लढून मेला त्याचं सुतक धरायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. लोकांनी मान डोलावली. गावकराचं कोण मोडणार? ज्या घरातला मुलगा गेला त्या घरानंही दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधलं, पुरणपोळी केली आणि ती कशीबशी गिळली.

त्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं एक बाई चालत आली. पायांना भेगा, लुगडं विटलेलं, पण चालणं असं की माणसं आपोआप बाजूला झाली. ती मंदोदरी होती, रावणाची राणी. सोन्याच्या लंकेत तिला रडायला जागा उरली नव्हती. तिथं नवं राज्य आलं होतं आणि नव्या राज्यात जुन्या मढ्यांसाठी कोण रडू देतं? म्हणून कुणीतरी आपल्याजवळ बसेल आणि आपल्याला पोटभर रडू देईल असं एक दार शोधत ती निघाली होती. पोथीत तिचं पुढं काही वेगळंच झालं असं लिहिलंय म्हणे. असू दे. पोथी लिहिणारे आमच्या गावात आले नव्हते.

ती एकेका दारात उभी राहिली. पाणी कुणी नाकारलं नाही, आमचं गाव इतकंही वाईट नव्हतं. पण तिचे डोळे भरून आले, की घरची बाई हळूच म्हणे, "बाये, सणाचो दिस आसा. दारात रडू नको."

अशी दारं मागं टाकत ती गावाच्या शेवटच्या घराशी आली. त्या दाराला तोरण नव्हतं. ते घर आवडीचं. आवडी विधवा, आणि तिचा एकुलता एक मुलगा रवळू लंकेत पडला होता. गावकराचा शब्द एकट्या तिनंच मोडला होता. तोरण बांधलं नाही, एवढंच. रडली तीही नव्हती. एकटीनं किती रडणार?

आवडीनं तिला पायरीवर बसवलं आणि करवंटीत पेज ओतता ओतता विचारलं, "कोण गेलो गो तुझो?"

"माझा मुलगा," ती म्हणाली. "मेघनाद."

आवडीचा हात थांबला. ते नाव तारवण्यात कुणाला ठाऊक नव्हतं? रवळूच्या छातीत घुसलेला बाण मेघनादाचाच होता. परत आलेल्या गड्यांनी तिच्या अंगणात उभं राहून तसं सांगितलं होतं.

बातमी गावभर झाली. गावकर माणसं घेऊन धावत आला आणि शत्रूच्या बायकोला आत्ताच्या आत्ता घालवून दे म्हणाला. आवडीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती करवंटी हातात धरून बराच वेळ उभी होती. पेज निवून गेली. मंदोदरी उठायला लागली, तेव्हा आवडी तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं विचारलं, "ल्हानपणी रडायचो काय गो तो?"

मंदोदरीला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्याचे बाण विचारत, त्याची मायावी विद्या विचारत. ती म्हणाली, "जन्मला तेव्हा असा रडला, की लोकांना वाटलं ढग गरजले. म्हणून तर मेघनाद नाव ठेवलं."

आवडी म्हणाली, "माझो तर रडलोच नाय. सुईणीन पाय धरून उलटो केलो, तेवा खंय आवाज फुटलो."

आणि मग त्या दोघी रडल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून, मोठ्यानं, लाज सोडून रडल्या. ते ऐकून गावातली तोरणं झेंडूसकट माना टाकून सुकली, असं म्हणतात. घराघरातून बायका बाहेर आल्या, त्यांच्यामागून बाप्ये आले आणि त्या पायरीभोवती सगळं गाव रडलं. गावकरसुद्धा. त्याचेही दोन मुलगे गेले होते. त्या दिवशी समुद्र होता तिथंच थबकला आणि भरती आलीच नाही, असं म्हणतात.

सकाळी मंदोदरी नव्हती. कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही. ती बसली होती त्या पायरीला मात्र खोलगा पडला होता. वैशाखातसुद्धा तो दगड ओला असतो. जिभेला लावा, खारट लागतो. आम्ही त्याला मंदोदरीची बसकण म्हणतो.

सकाळी उठल्यावर ज्या पाच जणींची नावं घ्यायची, त्यात तिचं नाव सगळा मुलूख घेतो. आमचं गाव तेवढ्यावर भागवत नाही. दसऱ्याला तारवण्यात रावण जाळत नाहीत. सकाळी तोरण बांधत नाहीत, आपट्याचं सोनं वाटत नाहीत. ज्यांच्या घरी वर्षात कुणी गेलं त्या बायका बसकणीशी येऊन बसतात, गाव त्यांच्याभोवती बसतं आणि आवडीच्या घरची थोरली सून प्रत्येकीला पेज देते. कोण होता, कसा होता, कशानं गेला, हे विचारायचं नाही. एकच विचारायचं. ते रडणं आटपल्यावरच दाराला झेंडू लागतो.

गेल्या दसऱ्याला खाडीपलीकडून एक बाई आली होती. तिच्या मुलाला चोर म्हणून लोकांनी मारलं होतं, आणि तो चोर होताही. तिच्या गावात त्याला खांदा द्यायला कुणी आलं नव्हतं. ती लांब माडाखाली उभी होती, पुढं यायला धजत नव्हती. थोरली सून करवंटी घेऊन तिच्यापर्यंत चालत गेली आणि तिनं विचारलं, "ल्हानपणी रडायचो काय गो तो?"

बाईनं पदर तोंडाशी नेला.

"खूप," ती म्हणाली. "खाली ठेवूकच द्यायचो नाय."

त्या वर्षी आमची तोरणं दिवेलागणीला लागली.