कोरडा पंप

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वस्ताद राहत असत. वस्ताद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तालीम आणि लाल माती उभी राहील. तसलं काही नाही. हे दौलतवस्ताद मोटारींचे. ज्या गाड्या आता कुणी बनवत नाही, ज्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात हुडकत फिरावं लागतं, तसली म्हातारी इंजिनं त्यांच्या गॅरेजात कण्हत येत आणि गुणगुणत परत जात.

त्यांच्याकडे महिपती नावाचा शिष्य होता. चांगला बायकोपोरांचा संसारी गडी. हाताला गुण होता, पण अंगात भिंगरी! एक बोल्ट आवळताना त्याचं मन पुढच्या बोल्टावर असे. आणि अलीकडे तर ते गॅरेजातही नसे. आपलं स्वतःचं गॅरेज कधी होणार, या एकाच ध्यासानं त्याला पछाडलं होतं.

त्याच गावात गुळाचे एक मोठे व्यापारी होते. वडिलांच्या काळातली मोटार त्यांनी देवघरातल्या टाकासारखी जपलेली. मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, आणि नवदांपत्यानं घाटावरच्या कुलदैवताला याच मोटारीतून जायचं, असा शेठचा हट्ट. नेमका तेव्हाच तिचा ऑइल पंप तुटला. ऑइल पंपाचं काम एवढंच, की इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल उचलायचं आणि फिरणाऱ्या प्रत्येक भागाला पोचवायचं. तो थांबला की लोखंड लोखंडाला खाऊ लागतं. ड्रायव्हर शहाणा निघाला. तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली पडलेला दिसताच त्यानं गाडी जागच्या जागी बंद केली, म्हणून इंजिन वाचलं.

शेठ गॅरेजात आले ते थेट महिपतीकडेच. "महिपती, नाक्यावरचा माझा गाळा रिकामा पडलाय. गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्ताला ही गाडी चालू करून दे, गाळा तुझा. खुशाल तुझ्या नावाची पाटी लाव."

महिपतीनं वस्तादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कर की! तुझ्या हातानंच होऊ दे. मी बोटसुद्धा लावणार नाही."

झालं! महिपतीला आकाश ठेंगणं झालं. नवा पंप आणला, चेंबर खोलला, तुटका पंप काढला. हात पान्यावर आणि डोळ्यांपुढे नाक्यावरची पाटी. अक्षरं लाल काढावीत की निळी, याचाही विचार करून झाला.

आता या गॅरेजात एक रिवाज होता. नवा पंप बसवण्याआधी त्याला तेल पाजायचं, म्हणजे त्याच्या पोटात हातानं तेल भरून मगच तो जागेवर चढवायचा. कोरड्या पंपाला खालचं तेल सहसा ओढता येत नाही, तो नुसता गरगरत राहतो. महिपतीनं हे कितीदा तरी केलं होतं. पण त्या दिवशी पंप चढला, चेंबर बंद झाला, वरून इंजिनात तेल ओतून झालं आणि शेवटचा बोल्ट आवळताना त्याला एकदम आठवलं. पंपाला तेल पाजायचं राहिलं होतं.

आता पुन्हा खोलून थेंबाथेंबानं तेल पाजायचं म्हणजे मुहूर्त गेला. मुहूर्त गेला म्हणजे गाळा गेला. तो गाडीखाली तसाच पडून राहिला आणि मनाची समजूत घालू लागला. ओढेल की आपोआप! बाकीचे मिस्त्री कुठं पाजत बसतात? त्यांच्या गाड्या काय चालत नाहीत? समजूत पटली, असं त्यानं ठरवून टाकलं आणि तो बाहेर आला. पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. काच पुसायच्या निमित्तानं तो गाडीत डोकावे, कारण नसताना बॉनेट उघडे, पुन्हा बंद करी.

एवढ्यात शेठ आलेच. बरोबर मुलगा, नवी सून, गुरुजी. चाकाखाली लिंबं ठेवली गेली. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "वेळ आली. चला."

तेव्हा वस्ताद उठले. कुणाशी एक अक्षर न बोलता त्यांनी बॉनेट उघडलं, पाना लावून इंजिनाचे सगळे प्लग काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. प्लग नाहीत म्हणजे ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही म्हणजे इंजिन कितीही फिरवा, चालू म्हणून होणार नाही.

"हं, महिपती. आता मार स्टार्टर."

शेठ भडकले. "वस्ताद, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ऐन मुहूर्ताला हे काय मांडलंय?"

महिपतीनं स्टार्टर मारला. इंजिन फुसफुसत फिरलं. तेलाचा काटा ढिम्म. पुन्हा मारला. काटा ढिम्मच. तो ताडकन खाली उतरला आणि वस्तादांना बाजूला ओढून दबक्या आवाजात म्हणाला, "माझं बरं झालेलं बघवत नाही का तुम्हाला? मी सोडून चाललो म्हणून असा सूड उगवताय होय?"

वस्ताद रागावले नाहीत.

"पंपाला तेल पाजलंस?"



"तुम्हाला कसं कळलं?" महिपती पुटपुटला.

"मला कुठं कळलं होतं? तुला कळलं होतं. मघापासून तू गाडीत डोकावून त्या काट्याकडे बघतोयस. अरे, गाडी बंद असताना काट्याकडे कोण बघतं? म्हणून प्लग काढले. प्लग नसले की इंजिन हलकं फिरतं, त्याला इजा होत नाही. काटा चढला असता तर मीच म्हटलं असतं, वाढवा नारळ." त्यांनी खिशातले प्लग काढून महिपतीच्या तळहातावर ठेवले. "लावायचे तर आत्ता लाव. गाडी चालू होईल, माझी खात्री आहे. कोरडं इंजिनही झकास चालू होतं, हीच तर गोची आहे! तुम्ही पेढे खाल. पंप कदाचित जरा वेळानं तेल ओढेलही. पण तेवढ्यात आतली बेअरिंगं सोलून निघालेली असतील. आज कुणाला कळायचं नाही. एखादी दिवाळी जाईल, आणि मग कुठल्यातरी चढावर इंजिन धरेल, जागीच जाम होईल. लोक म्हणतील, जुनी गाडी, वय झालं तिचं. तुझं नावसुद्धा निघणार नाही. मला भीती वाटते ती याचीच. ज्याची चूक त्याच्या दारात परत येते तो आज ना उद्या सुधारतो रे. जिची वाच्यताच होत नाही, ती चूक माणूस मुरवतो आणि तिला अनुभव म्हणतो."

"अरे, लाव ना ते प्लग!" शेठ तिकडून ओरडले. "मुहूर्त टळतोय!"

महिपतीनं तळहातावरच्या प्लगांकडे पाहिलं. मग नव्या सुनेकडे पाहिलं. ही पोर घाटाच्या वळणांवर याच गाडीत बसणार होती. तो शेठसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, चूक माझी आहे. पंपात तेल भरायला विसरलो, आणि आठवल्यावरही बोललो नाही. गाडी आत्ता देत नाही."

"मग गाळाही विसर!" शेठ गरजले आणि मंडळींना घेऊन भाड्याच्या जीपमधून निघून गेले. नारळ तसाच पिशवीत परत गेला.

महिपतीला रडूच कोसळायचं बाकी होतं. पण त्यानं पाना उचलला. तेलाच्या वाटेवरचा बोल्ट खोलून त्यानं कुपीनं पंपात तेल सोडलं, थेंब थेंब, पंप भरून तेल वर येईपर्यंत. बोल्ट आवळला. बिनप्लगाचाच स्टार्टर मारला. काटा थरथरला आणि हळूहळू वर चढला. मग प्लग लावून त्यानं गाडी चालू केली. इंजिन इतकं मऊ चाललं की वस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

महिपती चरकला. "वस्ताद, आता कुठं जाऊ? गाळा तर गेला."

"गाळे मिळतात रे. मी थांबलो होतो तो तुझं काम तपासायला कुणी लागणार नाही, त्या दिवसासाठी. तो आज आला."

महिपतीनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. किती तरी दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुठं जायची घाई नव्हती.

आपणही चालू झालेल्या गोष्टीला दुरुस्त झालेली समजून नारळ वाढवतो. आत तेल पोचलंय का, ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.