एस्तेरचा उपवास

एका ख्रिस्ती वस्तीत एकदा एक वृद्ध पाळक राहत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मनात काही अडलं की माणसं त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. करुणाबाई आली ती गोंधळूनच.

"सलाम, पाळकसाहेब. आमच्या एस्तेरच्या मोबाईलचं काय करावं, कळेना. काय ती गाणी, काय ते नाच. शेवटी मी तो कपाटात कोंडला, तर पोर माझ्याशी बोलेनाशी झाली. पण उपवास किती निष्ठेने करते म्हणून सांगू. आम्ही संध्याकाळी पोटभर जेवतो, ती दोन घास खाऊन उठते. सगळी वस्ती कौतुक करते. मग तिचं मन देवाकडे आहे, की त्या मोबाईलकडे?"

शुक्रवारी भर दुपारी पाळक तिच्या घरी आले आणि त्यांनी एस्तेरपुढे शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "खा, बाळ."

करुणाबाई बघतच राहिली. ज्यांनी अवघ्या वस्तीला उपवास शिकवला, त्यांनीच तो मोडायला सांगावा? ती हळूच म्हणाली, "साहेब, आज शुक्रवार, उपवासाचा वार."

"ठाऊक आहे. म्हातारा झालोय, वार विसरलेलो नाही."

"माझा उपवास आहे," एस्तेर म्हणाली.

"कोणासाठी?"

एस्तेर एका हाताच्या बोटांनी दुसरं मनगट वेढून मापत राहिली, आणि एकाएकी रडत सांगू लागली. मोबाईलवर एक मुलगी रोज आपली कंबर दाखवायची. ईस्टरच्या नव्या फ्रॉकपर्यंत तसंच बारीक व्हायचं, असं मैत्रिणींत ठरलं होतं. "लेंत आहे म्हटल्यावर आई काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं."

करुणाबाईने लाडवाकडे पाहिलं, मग लेकीच्या मनगटाकडे.

"रविवारी प्रार्थनेच्या वेळीही तू असंच मनगट मापत होतीस," पाळक म्हणाले.

"म्हणजे तुमचेपण डोळे उघडेच होते," एस्तेर नाक पुसत म्हणाली.

"मेंढरांवर एक डोळा ठेवावाच लागतो." मग ते आईकडे वळले. "करुणा, तू गाणी तेवढी अडवलीस. पण मोबाईलमधून जे खरोखर घरात शिरलं, ते भक्तीचा पोशाख घालून आलं, आणि तू त्याला मान दिलास. उपवासात माणूस देवापुढे बसतो. ही आरशापुढे बसली होती. ते तू ओळखणार कसं? ती काय पाहते, ते तू कधी तिच्याजवळ बसून पाहिलंच नाहीस. उद्या डॉक्टरीणबाईंकडे ने तिला. आज तिच्याजवळ बस."

पाळक निघून गेले. करुणाबाईने कपाट उघडलं, मोबाईल लेकीच्या हातात दिला आणि शेजारी बसली. "दाखव बरं, कोण ती."

एस्तेर थोडी सरकली. मग तिने लाडू मोडून अर्धा आईपुढे धरला.

शुक्रवार होता. करुणाबाईने तो घेतला, आणि दोघी खाऊ लागल्या.