बिनफिल्मचा कॅमेरा

"तुम्हीच तेवढे हसला नाहीत, वस्ताद. का?"

श्रीपादनं विचारलं, तेव्हा बाकीचा स्टुडिओ हसून हसून दमला होता.

मूकपटांचे दिवस. कोल्हापुरात एक विनोदी चित्र चाललं होतं. साठी उलटलेला विधुर वेणी घेऊन एका विधवेला मागणी घालायला जातो, अशी गोष्ट. श्रीपादनं कॅमेऱ्याचं हँडल मुद्दाम सावकाश फिरवलं होतं. हँडल सावकाश फिरलं की पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. काढलेलं रीळ पडद्यावर लावलं, म्हातारा पळाला आणि सगळे लोळले.

धोंडिबा वस्ताद कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. हँडल धरायला श्रीपादला त्यांनीच शिकवलं होतं.

"आता शेवटचा सीन. तो तिच्या दाराशी पोचतो तो. मी एकटा घेणार, वस्ताद. तिथंही पळवतो त्याला. थिएटर डोक्यावर घेतील लोक!"

"फिल्म किती हाय?"

"एकदाच घेता येईल एवढी."

"मग आधी बिनफिल्मचं फिरवून दाखव."

श्रीपादला राग आला. एवढी रिळं काढली, आणि आता पुन्हा परीक्षा! तरी त्यानं रिकामा कॅमेरा अंगणात लावला.

"नट जेवायला गेलाय. चालणार कोण?"

"मी."

...

वस्ताद सदुसष्टचे. गेल्याच वर्षी त्यांनी विधवा चंद्राबाईंशी पाट लावून लग्न केलं, तेव्हा गाव तोंडाला येईल ते बोललं. खोटं कशाला सांगू, श्रीपादही बोलला होता.

चंद्राबाई रोज दुपारी भाकरी घेऊन स्टुडिओच्या फाटकाशी येत. आत्ताही उभ्या होत्या.

वस्ताद निघाले. गुडघा दुखरा, पाऊल जपून. मधेच थांबले. धोतराचा सोगा नीट केला, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. रोजची भाकरी आणायला निघालेला माणूस!

चंद्राबाईंनी पदर सावरला. "हळू या की. मी काय पळून चाललीया?"

वस्ताद लाजले. खरंच लाजले.

सेकंदाला एक फेरा, असं श्रीपादनं ठरवलं होतं. पण हात ऐकेना. दीड झाला. दोन झाले. दोन फेऱ्यांना पडद्यावरचा माणूस आपल्या चालीनं चालतो.

वस्ताद फाटकाशी पोचेपर्यंत हात दोनवरच राहिला.

...

ते भाकरी घेऊन परत आले.

"किती फेरे?"

"दोन."

"पळवणार व्हतास न्हवं?"

श्रीपादनं मान खाली घातली. गावाबरोबर आपण काय काय बोललो ते त्याला आठवलं, आणि त्याला लाज वाटली.

"वस्ताद... पण लोक हसलेच नाहीत तर?"

वस्तादांनी भाकरी मोडली. अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"ऊन हाय तवर फिल्म भर."